कुणाच्या कातडीची माहिती?

2024 च्या अखेरीस ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन भारतीय स्त्रियांच्या आजाराची हकिगत छापून आली. लिहिणारे डॉक्टर वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे आणि बिहारमधल्या मधुबनी मेडिकल कॉलेजचे. सत्तर वर्षांच्या एका बाईच्या उजव्या कुशीवर, परकराची नाडी जिथे बसते नेमकी तिथे, दीड वर्ष न भरणारी जखम होती. दुसरी साठीच्या उत्तरार्धातली, चाळीस वर्षे रोज लुगडे कमरेला आवळून नेसत आलेली. तिची जखम दोन वर्षे चिघळत राहिली होती आणि निदान होईपर्यंत कॅन्सर जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. दोघींनाही कातडीचा कॅन्सर होता. डॉक्टरांचे म्हणणे मोजके होते. दोष साडीचा नव्हे, वर्षानुवर्षे एकाच जागी काचणाऱ्या दोरीचा आहे. नाडी सैल बांधावी आणि कमरेवरची जखम भरत नसेल तर ती दाखवून घ्यावी. हीच हकिगत मराठी फोनांवर आली ती मात्र ‘साडी नेसल्याने कॅन्सर’ या धाटणीच्या मथळ्यांखाली.

या दोन मजकुरांची वाचनीयता मोजायला कुणी बसले, तर निकाल सरळ लागेल. पहिला इंग्रजीत, परिभाषेने गच्च भरलेला. ज्यांच्या कमरेबद्दल तो बोलतो त्यांच्यापैकी जवळजवळ कुणालाच वाचता न येणारा. दुसरा सातवीतल्या मुलालाही एका दमात वाचता येईल असा. तरीही दुसऱ्याने वाचणारीच्या पदरात काय टाकले? कोट्यवधी बायका साडी नेसतात आणि वैद्यकीय वाङ्मयात असे रुग्ण बोटांवर मोजावेत इतकेच नोंदले गेले आहेत, हे तिला कळले नाही. कमरेवरचा नेहमीचा काळा करकोचा आणि महिनोन्महिने न भरणारी जखम यांतला फरकही कळला नाही. वाचून एक तर ती घाबरली असेल किंवा हसून पुढे गेली असेल. या प्रकरणाचा मुद्दा यातूनच निघतो. आरोग्याविषयीचा मजकूर वाचनीय आहे की नाही, हे वाक्यांच्या लांबीवरून ठरत नाही. वाचणाऱ्याला आपल्या अंगावर कुठे बघायचे, काय दिसले तर थांबायचे नाही आणि कुठल्या दाराशी जायचे हे वाचल्यानंतर सांगता आले, तरच तो मजकूर वाचनीय.

मोजण्याची प्रचलित रीत मात्र लांबीचीच आहे. रुडॉल्फ फ्लेश यांनी 1948 मध्ये इंग्रजीसाठी एक सूत्र मांडले: वाक्यात सरासरी किती शब्द आणि शब्दात सरासरी किती अक्षरे, यावरून मजकूर सोपा की अवघड ते ठरवायचे. हॅरी मॅक्‌लॉफ्लिन यांनी 1969 मध्ये लांबलचक शब्द मोजणारे आणखी सोपे सूत्र दिले. 1975 मध्ये अमेरिकन नौदलासाठी जे. पीटर किंकेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लेशच्या सूत्राचे उत्तर थेट शाळेच्या इयत्तेत मिळेल अशी सोय केली. रुग्णांसाठीचा मजकूर सहावीच्या पातळीचा असावा, अशी अमेरिकेतल्या वैद्यकीय संस्थांची शिफारस याच मापावर उभी आहे. त्वचेच्या कॅन्सरबद्दलची इंग्रजी संकेतस्थळे या मापाने तपासणारे अभ्यास बरेच झाले, आणि बहुतेकांचा निष्कर्ष एकच निघाला: मजकूर शिफारशीच्या बऱ्याच वरचा आहे. निष्कर्ष खोटा नाही. पण हे सूत्र मराठीला लावून पाहा. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला चिकटतात. ‘दवाखान्यापर्यंतचा’ हा एकच लांबलचक शब्द कुणालाही कळतो, आणि ‘ऊती’ हा दोन अक्षरी शब्द विज्ञानाच्या पुस्तकाबाहेर फारसा कुणाला भेटत नाही. सूत्र पहिल्याला अवघड म्हणेल, दुसऱ्याला सोपा. शिवाय सहावीची पातळी म्हणजे तरी कुठली सहावी? ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या 2022 च्या पाहणीत देशभरातल्या पाचवीच्या मुलांपैकी 42.8 टक्क्यांनाच दुसरीच्या पातळीचा परिच्छेद वाचता आला. अमेरिकेतली इयत्ता उचलून इथे लावणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा शिवून घेणे.

मापाहून मोठी अडचण मजकुराच्या आशयात आहे. त्वचेच्या कॅन्सरबद्दल जगभर जे लिहिले जाते त्याचा बहुतांश भाग गोऱ्या कातडीबद्दल असतो, आणि त्याला कारणही आहे. अमेरिकेत हा सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर. सत्तरीपर्यंत दर पाच अमेरिकनांपैकी एकाला तो होतो असा अंदाज आहे. ऑस्ट्रेलियात 1981 पासून सदरा चढवा, सनस्क्रीन लावा, टोपी घाला अशी मोहीम चालली. एका कार्टून सीगलच्या तोंडी घातलेले ते तीन तुकडे पोरासोरांना पाठ झाले. त्या देशासाठी तो मजकूर उत्तमच होता. मेलानोमा म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर. तो तीळ पाहून कसा ओळखावा यासाठी न्यू यॉर्कच्या डॉक्टरांनी 1985 मध्ये ए, बी, सी, डी अशी चार अक्षरे सुचवली: दोन बाजू सारख्या नसणे, कडा वेडीवाकडी असणे, रंग एकसारखा नसणे, आकार सहा मिलिमीटरहून मोठा असणे. तीळ बदलत जाणे, ही पाचवी खूण 2004 मध्ये जोडली गेली. आज कुठल्याही भाषेत त्वचेच्या कॅन्सरचे पान उघडा, ही पाच अक्षरे आणि उन्हाचा इशारा बहुधा पहिल्याच पडद्यावर भेटतात.

आपल्या कातडीत मेलॅनिन हे रंगद्रव्य भरपूर असते आणि उन्हापासून ते बऱ्यापैकी राखण करते. म्हणून इथे मेलानोमा क्वचितच होतो. पण होतो तेव्हा तो अनेकदा ऊन न लागणाऱ्या जागी असतो: तळपाय, तळहात, नखाखाली. जमैकाचा गायक बॉब मार्ली याच प्रकाराने 1981 मध्ये गेला. त्याचा कॅन्सर पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली होता. तळपायावरचा काळा डाग आपल्याकडे कुरूप समजून मेडिकलच्या दुकानातल्या पट्टीने झाकला जाण्याची किंवा ब्लेडने तासला जाण्याची शक्यता मोठी. नखाखालचा काळा पट्टा म्हणजे रक्त साकळले, आणि नख सुजून ठणकू लागले की ते नखुर्डे. ही रोजच्या बोलण्यातली नावे आहेत आणि आजार त्यांच्याच आड लपतो. त्यामुळे मराठी पानाचे पहिले वाक्य उन्हाबद्दल असण्याचे काही कारण नाही. ते असे हवे: तळपायावरचे कुरूप किंवा नखातला काळा डाग वाढत असेल, त्यातून रक्त येत असेल किंवा तो नखाच्या मुळाशी कातडीत पसरत असेल, तर त्यावर घरी ब्लेड चालवू नका, चामडीच्या डॉक्टरला दाखवा. ए, बी, सी, डी इथे निरुपयोगी, असे म्हणणे अति होईल. पण ती अक्षरे पाठ करून पाठीवरचे तीळ मोजणारा माणूस आपली टाच पाहणारच नाही.

आपल्याकडच्या त्वचेच्या कॅन्सरचा दुसरा मोठा रस्ता जुन्या जखमांतून जातो, आणि या बाबतीत मराठी मजकूर विशेष कच्चा आहे. भाजल्याच्या जुन्या खुणेवर, हाडापर्यंत गेलेल्या वाहत्या जखमेवर, कुष्ठरोगाने बधिर झालेल्या तळव्याच्या चिघळत राहिलेल्या क्षतावर वर्षांनंतर कॅन्सर धरू शकतो. एकोणिसाव्या शतकात अशा जखमांचे वर्णन करणारे फ्रेंच शल्यचिकित्सक मार्जोलँ यांच्या नावाने वैद्यक त्यांना ओळखते. भाजल्यापासून कॅन्सर दिसेपर्यंत सरासरी तीसेक वर्षे जातात. म्हणजे पोरवयात चुलीवर किंवा स्टोव्हवर भाजलेल्या बाईला चाळिशी-पन्नाशीत ती खूण पुन्हा उघडलेली दिसेल, आणि त्या दोन घटनांचा संबंध तिच्या मनात येणारही नाही. पुस्तकी मराठीत न भरलेल्या जखमेला ‘व्रण’ म्हणतात. बोलण्यातल्या मराठीत जखम भरून आल्यावर जी खूण उरते तो व्रण. ‘व्रणात कर्करोग उद्भवू शकतो’ हे वाक्य लहान आहे, शुद्ध आहे आणि कुठल्याही सूत्राने सोपेच ठरेल. वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना मात्र त्यातून अंगावरची प्रत्येक खूण धोक्याची वाटेल. सांगायचे आहे ते वेगळेच: जुनी भाजलेली जागा वर्षानुवर्षे शांत असेल तर काळजी नको, तीच जागा फुटून वाहू लागली, तिच्या कडा जाड झाल्या, वास येऊ लागला आणि महिनाभर मलम लावूनही ती मिटत नसेल, तर तुकडा काढून तपासून घ्यावा. वाक्य लांबले आहे. तरी ते अधिक वाचनीय आहे.

हे ज्ञान परदेशातून आणावे लागत होते असेही नाही. परळचे टाटा स्मारक रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. 1945 मध्ये त्यांनी आणि डॉ. सूर्याबाई यांनी चालीरीती आणि कॅन्सर यांच्या संबंधावर एक निबंध प्रसिद्ध केला. धोतराच्या आवळत्या गाठीने कमरेवर होणाऱ्या कॅन्सरचे नाव वैद्यकात त्यातूनच रूढ झाले. काश्मीरात फिरनच्या आत पोटाशी धरलेल्या कांगडीने पोटावर आणि मांड्यांवर होणाऱ्या कॅन्सरचे वर्णन तर एकोणिसाव्या शतकातलेच. 2005 मध्ये बॉम्बे हॉस्पिटलच्या नियतकालिकात साडीच्या संदर्भात तशीच नोंद आली. याचा अर्थ, वर्ध्याची हकिगत जिला धक्कादायक बातमी वाटली तिच्या आजोबांच्या धोतराबद्दल हेच निरीक्षण परळमध्ये जवळजवळ ऐंशी वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले होते. ते इंग्रजी नियतकालिकाच्या कपाटात राहिले. वाचनीयतेचे अपयश म्हणायचे तर ते हे. त्यापुढे अवघड शब्दांचे अपयश किरकोळ आहे.

आता हा मजकूर जिथे वाचला जायचा त्यांपैकी एका जागेकडे पाहू. बदलापूर पूर्वेला खरवई आहे. एकीकडे आगरी वस्तीचे जुने गाव, दुसरीकडे एमआयडीसी आणि तिच्यातले रसायनांचे कारखाने. अलीकडे अंबरनाथ, त्याच्या अलीकडे उल्हासनगर. मराठी, आगरी, हिंदी, सिंधी एकाच शेअर रिक्षात ऐकू येतात. इथला वाचणारा बहुधा स्वतः वाचत नाही. घरातला नातू किंवा मुलगी फोनवर शोधून मोठ्याने वाचून दाखवते. रसायनांशी काम करणाऱ्याला त्वचेच्या कॅन्सरबद्दल एक गोष्ट ठाऊक असायला हवी, आणि नेमकी तीच आरोग्याच्या पानांवर सापडत नाही. 1948 च्या कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांची यादी दिली. शिसे, पारा, आर्सेनिक यांच्या विषबाधेबरोबर त्या यादीत त्वचेचा कॅन्सरही होता, आणि असा रुग्ण आढळला तर व्यवस्थापकाने आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरने कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयाला कळवावे असे कायद्याने ठरवले. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या 1923 च्या कायद्यात तर कारणेही नावानिशी होती: डांबर, पिच, बिटुमेन, खनिज तेल, अँथ्रासीन. या यादीमागे लांबचा इतिहास आहे. लंडनमध्ये धुराडी साफ करणाऱ्यांच्या अंडकोशावरचा कॅन्सर काजळीने होतो, हे पर्सिव्हल पॉट यांनी 1775 मध्ये दाखवले, आणि 1915 मध्ये जपानात यामागिवा व इचिकावा यांनी सशांच्या कानांना डांबर चोळून कॅन्सर निर्माण करून दाखवला. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर 1987 मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्याने कामगारांना आणि आसपासच्या लोकांनाही आरोग्याच्या धोक्यांची माहिती द्यावी असे कलम आले. खरवईतल्या कुठल्या कारखान्यावर हा आरोप नव्हे. सांगायचे एवढेच, की तेलाने किंवा डांबराने वर्षानुवर्षे माखणाऱ्या हातावर बरा न होणारा खरखरीत चट्टा आला, तर तो माणूस डॉक्टरला आपले काम काय ते सांगेल, कामगार विम्याचे कार्ड काढेल आणि उल्हासनगरच्या विमा रुग्णालयाचा रस्ता धरेल, असे करवणारा मजकूर मराठीत हवा. सनस्क्रीनचा एसपीएफ समजावणाऱ्या पानाला या माणसाचे अस्तित्वच माहीत नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो संख्येचा, आणि तो रास्त आहे. तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर महाराष्ट्रात कितीतरी अधिक. भारतातल्या एकूण कॅन्सरमध्ये त्वचेचा वाटा एक-दोन टक्क्यांपलीकडे फारसा जात नाही. मग शक्ती तिथे का खर्चू नये? खर्चावीच. पण दुर्मीळ आजाराच्या बाबतीत लेखी माहितीचे काम वाढते, कमी होत नाही. तोंडातला चट्टा गल्लीतला डॉक्टरही ओळखतो, शेजारीही ‘तंबाखू सोड’ म्हणतो. तळपायाच्या काळ्या डागाबद्दल शेजाऱ्याला काही सांगता येत नाही, आणि जनरल प्रॅक्टिशनरलाही तो वर्षानुवर्षांत एखाद्याच वेळी दिसतो. शिवाय हा आजार डोळ्यांना दिसणाऱ्या जागी होतो. यकृत कुणी आरशात पाहू शकत नाही, टाच पाहू शकतो. लवकर आलेल्या रुग्णात त्वचेचे बहुतेक कॅन्सर कापून काढल्यावर पूर्ण बरे होतात. थोड्या ओळींत इतके पदरात पडणारा दुसरा कॅन्सर शोधावा लागेल.

दुसरा आक्षेप डॉक्टरांकडून येतो: सोपे करताना अचूकपणा जातो. साडीच्या मथळ्याने तो गेला खरा, पण कसा, ते पाहायला हवे. मथळ्यात सोपा शब्द घातल्याने काही बिघडले नाही. ‘किती जणींना’, ‘किती वर्षांनी’ आणि ‘कशामुळे नाही’ ही तीन माहितीची हाडे काढून टाकल्याने बिघडले. परिभाषा जशीच्या तशी ठेवली असती तरी ती हाडे परत आली नसती. एका बाबतीत मात्र परिभाषा ठेवायलाच हवी, आणि शुद्धतेचे आग्रही इथे नाराज होतील. रुग्णाच्या हातात पॅथॉलॉजीचा जो कागद पडतो तो इंग्रजीत असतो. नातू शोधतो ते त्या कागदावरचे शब्द. म्हणून मराठी पानावर ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’, ‘बेसल सेल’, ‘मार्जिन क्लिअर’ हे शब्द देवनागरीत, ठळक, आणि लगेच पुढे अर्थासह हवेत. ‘मार्जिन क्लिअर’ म्हणजे कापलेल्या तुकड्याच्या कडेला कॅन्सरच्या पेशी उरलेल्या नाहीत, म्हणजे गाठ सगळी निघाली असावी. त्याजागी ‘शल्कपेशी कर्करोग’ एवढेच लिहिले, तर पान मराठी राहील आणि कुणाच्या कामी येणार नाही. ‘डॉक्टर सांगतीलच की’ हे उत्तरही पुरत नाही. सरकारी ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला येणारी मिनिटे सगळ्यांना माहीत आहेत, आणि प्रश्न सुचतात ते परतीच्या लोकलमध्ये.

भाषांतर करून घ्यावे, आता तर यंत्रही क्षणात करते, हा तिसरा मार्ग सुचवला जातो. भाषांतराला आपण कमी लेखू नये. मुंबईच्या जासकॅप या संस्थेने ब्रिटनमधल्या कॅन्सरबॅकअपच्या रुग्णपुस्तिका भारतीय भाषांत आणल्या. इंटरनेट घरोघरी पोचण्याआधीच्या काळात केमोथेरपी म्हणजे काय, हे आपल्या भाषेत वाचायला मिळणे ही लहान गोष्ट नव्हती. उपचारांबद्दलचा मजकूर भाषांतराला बराचसा तग धरतो. रेडिएशनचे यंत्र लंडनमध्ये आणि परळमध्ये सारखेच चालते. लक्षणांबद्दलचा मजकूर तग धरत नाही, कारण त्यात कुणाचे तरी अंग वर्णिलेले असते. गोऱ्या गालावरची गुलाबी, मोत्यासारखी गाठ सावळ्या गालावर बहुधा काळपट दिसते. भाषांतरकार कितीही कुशल असला तरी तो गुलाबीचे काळे करणार नाही, आणि करूही नये. लंडनच्या सेंट जॉर्जेसमधल्या मलोन मुकवेंडे या विद्यार्थ्याला 2020 मध्ये काळ्या कातडीवर लक्षणे कशी दिसतात याची पुस्तिका सहकाऱ्यांसह काढावी लागली, कारण डॉक्टरांच्या पाठ्यपुस्तकांतही ती नव्हती. जे इंग्रजीतच नाही ते यंत्र मराठीत कुठून आणणार?

मग मोजायचे कसे? यालाही नमुना आहे. युरोपीय संघात 2005 पासून औषधाच्या खोक्यातले माहितीपत्रक खऱ्या वाचकांवर तपासावे लागते. वीसेक माणसे बसवतात, त्यांना प्रश्न विचारतात: गोळी घ्यायची विसरलात तर काय कराल? शंभरातल्या नव्वदांना उत्तर कागदावर सापडले पाहिजे, आणि ज्यांना सापडले त्यांतल्या नव्वद टक्क्यांना ते आपल्या शब्दांत सांगता आले पाहिजे. यात अक्षरे मोजावी लागत नाहीत, संगणकही लागत नाही. अशी परीक्षा खरवईत घ्यायला मोठा निधी नको. आशा सेविका, कारखान्यातून सुटलेली शिफ्ट आणि एक छापील पान पुरेल. प्रश्नही ठरलेले: अंगावर कुठे कुठे बघाल? किती दिवस वाट पाहाल? आधी कुठे जाल, बदलापुरात की उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात, आणि परळला जायची वेळ कधी येते? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी कुठले कागद लागतील? व्हिडिओ असेल तर तो दाखवून हेच विचारावे; लोक वाचत नाहीत, बघतात, ही तक्रार खरी धरली तरी माप बदलत नाही.

अशा परीक्षेत बरेच जण अडखळतील ते शब्दांवर नव्हे, बायॉप्सीच्या ओळीवर. ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ ही समजूत इतकी घट्ट आहे, की ‘बायॉप्सी करून घ्यावी’ हे वाक्य पूर्ण समजूनही माणूस ते पाळणार नाही. त्वचेच्या बायॉप्सीने कॅन्सर पसरत नाही. ती जागा बधिर करून केली जाते, बहुधा त्याच दिवशी घरी जाता येते, आणि तिच्याशिवाय निदान पक्के होत नाही. मराठी पानावर ही ओळ तळटीपेत नको. ती जिथे तुकडा काढायला सांगितले आहे तिथेच, त्याच परिच्छेदात हवी.